भिंतीवरचा ट्रॅक्टर: जुन्या जाहिराती पाहून गलबलून का येतं?

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. दसरा दहा दिवसांवर होता. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात त्या दहा दिवसांत ज्याच्या त्याच्या फोनवर डीलरांच्या जाहिराती येऊन पडत होत्या. इतके वाचतील, इतके आता भरा, उरलेले हप्त्यानं, आजच या. लोक पाहत आणि अंगठ्यानं वर सरकवत.

त्यातल्याच एका संध्याकाळी पानठेल्यावर एकानं फोनवर आलेला जुना फोटो दाखवला. पिवळा पडलेला कागद, मधोमध घडीची रेघ, लाल ट्रॅक्टर, मागं पिकलेला गहू. कॅलेंडरचं चित्र होतं, खालच्या तारखा मात्र कापलेल्या. तो फोन हातोहात फिरला. "हे त आमच्या ओसरीत होतं." "मामाच्या गावाले एसटी थांब्यावर रंगवलं होतं असंच." पंधरा मिनिटं तिथं नव्या ट्रॅक्टरचा विषयच निघाला नाही. शेवटी फोनवाला म्हणाला, "आपल्या घरी कधी ट्रॅक्टर नव्हता बाप्पा. मंग हे पायलं का जीव असा का होते?"

त्याच्या प्रश्नाचं उत्तर देता येतं. त्यासाठी थोडं मानसशास्त्र, थोडं यंत्र आणि थोडा आपल्याच वावराचा इतिहास समजून घ्यावा लागतो.

आधी त्या भावनेचं नाव

मराठीत याला स्मरणरंजन म्हणतात. गेलेल्या काळाची गोड आठवण आणि तो परत येणार नाही याची हुरहूर, दोन्ही एकाच वेळी. इंग्रजीतला 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द १६८८ मध्ये योहानेस होफर या स्विस वैद्यकीय विद्यार्थ्यानं ग्रीक शब्द जोडून घडवला. 'घरी परतणं' आणि 'वेदना' असे ते दोन शब्द. त्याच्या लेखी हा चक्क आजार होता. परमुलखात चाकरी करणारे स्विस सैनिक घराच्या ओढीनं खंगत. डोंगरात गुरं हाकताना गातात ती गाणी कानावर पडली की त्यांची तब्येत बिघडते, असंही तेव्हा मानलं जाई. गुरांमागच्या सुरानं व्याकूळ होणारा माणूस आपल्याला काही परका नाही.

आज याला कुणी आजार म्हणत नाही. इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टन विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी यावर बरीच वर्षं काम केलं आहे. माणूस एकटा पडला, उदास झाला की अशा आठवणी जास्त येतात आणि त्या आल्यावर त्याला आपल्या माणसांच्या जवळ गेल्यासारखं वाटतं, असं त्यांना आढळलं. या आठवणींच्या मधोमध बहुतेक वेळा वस्तू नसते, माणसं असतात. कॅलेंडरवरचा ट्रॅक्टर हा त्या आठवणीचा खिळा. त्याला अडकवलेली असते ती ओसरी, तिथं बसून तंबाखू मळणारे आबाजी आणि शाळेतून येऊन दप्तर टाकणारे आपण.

आणखी एक गोष्ट. साधारण दहाव्या वर्षापासून तिशीपर्यंतच्या आठवणी माणसाला आयुष्यभर सगळ्यात ठळक राहतात. पहिल्यांदा पाहिलेलं, पहिल्यांदा केलेलं, सगळं त्याच वर्षांत घडतं. आज पन्नाशी-साठीत असलेल्या वैदर्भीय माणसाच्या त्या वर्षांत गावात पहिला ट्रॅक्टर आला, पहिली मोटार बसली, पहिला टीव्ही आला. तेव्हाच्या ट्रॅक्टरच्या चित्रात त्याला स्वतःचं कोवळं वय दिसतं.

पण ज्याच्या घरी ट्रॅक्टरच नव्हता, त्याला कशाची आठवण?

ट्रॅक्टर फार थोड्यांकडे होता, जाहिरात मात्र सगळ्यांकडे होती.

डीलर दिवाळीनंतर कॅलेंडरं वाटायचा. ज्याच्याकडे पाच एकर कोरडवाहू आणि एक बैलजोडी, त्यालाही ते मिळे. सालदाराच्या, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याच्या, कुडाच्या घरातही ते लागे, कारण त्यात एकादशी-चतुर्थी असे, तारखा असत आणि फुकट मिळणारं त्या घरातलं ते एकमेव रंगीत चित्र असे. नवं वर्ष लागलं की तारखांचा भाग फाडायचा आणि चित्र तेवढं भिंतीला चिकटवून ठेवायचं. आमच्या शेजारी एका घरात देवाच्या फोटोशेजारी असा एक ट्रॅक्टर होता. त्या घरानं स्वतःचा ट्रॅक्टर कधीच घेतला नाही.

रस्त्यावरच्या भिंतीचंही तसंच. पेंटर सायकलवर डबे बांधून यायचा. आधी भिंत चुन्यानं पांढरी करायची. मग दोऱ्याला निळ लावायची, दोन टोकं दोघांनी धरायची, मधे ओढून सपकन सोडायचा. भिंतीवर सरळ निळी रेघ उमटे. त्या रेघांमध्ये अक्षरं. आम्ही पोरं रांगेत उभं राहून ते पाहत असू. आधी 'ट्र' दिसायचा, मग 'क्ट', आणि शब्द पुरा व्हायच्या आत कुणीतरी ओरडून वाचायचं. भिंतीवरच्या अशा अक्षरांनी कितीतरी पोरांना जोडाक्षरं शिकवली.

तिसरी जागा म्हणजे दुकानावरची पत्र्याची पाटी. जुन्या इनॅमल पाट्यांचा रंग इतकी वर्षं ऊन खाऊनही टिकून असतो, कारण तो नुसता रंग नसतो. काचेची रंगीत पूड पत्र्यावर पसरून भट्टीत सुमारे ८०० अंश सेल्सिअसला भाजतात. पूड वितळते आणि पत्र्यावर काचेचा थर बसतो. दर रंगासाठी वेगळा थर, वेगळी भाजणी. म्हणूनच अस्सल पाटीवरून बोट फिरवलं तर अक्षराची कड बोटाला लागते. कुठं टवका उडाला असेल तर तेवढाच भाग गंजतो, बाकी तसंच चकचकीत.

आणि चौथी जागा, कान. रेडिओवरची व्यापारी प्रसारण सेवा १ नोव्हेंबर १९६७ रोजी सुरू झाली ती मुंबई, पुणे आणि नागपूर या तीन ठिकाणी. म्हणजे पैसे घेऊन लावलेली जाहिरात आकाशवाणीवर ऐकणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या श्रोत्यांत विदर्भातली माणसं आहेत. मला या गोष्टीचा अभिमान वाटतो, तो लपवत नाही.

या जाहिराती इतक्या लांबलचक का असायच्या?

आजची जाहिरात म्हणजे एक चित्र, एक आकडा आणि फोन नंबर. जुनी पाहा. इंजिन आडवं कापून आतला भाग दाखवलेला, बाण काढून नावं दिलेली. तेल किती दिवसांनी बदलायचं, कोणत्या नांगराला कोणता गिअर. कोपऱ्यात कातरून पाठवायचं कूपन, म्हणजे माहितीपुस्तक टपालानं घरी येई. एक जाहिरात वाचायला दहा मिनिटं लागत.

याचं पहिलं कारण असं की वाचणाऱ्यानं ते यंत्र पाहिलेलंच नसे. भारतात तयार झालेला पहिला ट्रॅक्टर २४ एप्रिल १९५९ रोजी फरिदाबादच्या आयशरच्या कारखान्यातून बाहेर पडला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरलं. ते भरवणाऱ्या भारत कृषक समाजामागं होते तेव्हाचे केंद्रीय कृषिमंत्री डॉ. पंजाबराव देशमुख, आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर त्या प्रदर्शनाला आले होते. निरनिराळ्या देशांची शेती आणि यंत्रं भारतीय शेतकऱ्याला एका ठिकाणी पाहता आली. पुढं पाठोपाठ कारखाने आले. १९६० मध्ये मद्रासची टॅफे, तिच्यासोबत मॅसी फर्ग्युसन. १९६३ मध्ये महिंद्रा, व्होल्टास आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांची भागीदारी. १९७१ मध्ये एचएमटीनं पिंजोरला चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या मदतीनं ट्रॅक्टर बांधायला घेतला. १९७४ मध्ये स्वराज आला, त्याचा आराखडा दुर्गापूरच्या आपल्या सरकारी संशोधन संस्थेतला. महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना तर पुढं नागपूरजवळ हिंगण्यालाच उभा राहिला.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे आणि ते सहसा कुणी सांगत नाही. तेव्हा ट्रॅक्टर विकण्याची फारशी घाई नव्हती, कारण ट्रॅक्टरच कमी होते. भाव सरकारच्या नियंत्रणात होते, नंबर लावून थांबावं लागे. विकायला माल अपुरा असला की जाहिरात ओरडत नाही, ती समजावते. कंपनीची खरी भीती वेगळी होती. पहिल्यांदाच यंत्र घेणाऱ्यानं ते चुकीचं चालवून बिघडवलं, तर पंचक्रोशीत नाव खराब होणार. म्हणून जाहिरातीलाच मास्तर व्हावं लागलं.

मराठीत या मास्तरकीची सुरुवात ट्रॅक्टरच्याही आधीची आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडानं जमीन नासते अशी लोकांची समजूत होती. नांगर पडून राहिले. त्या काळी नांगर विकणं म्हणजे आधी समजूत घालणं. १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' निघू लागलं, ते मुळात कारखान्याचं आणि मालाचं पत्रक. पुढं त्याचंच 'किर्लोस्कर' मासिक झालं. नांगराच्या पत्रकातून मराठी घराघरांत वाचलं जाणारं मासिक उभं राहतं, यावरून त्या काळी जाहिरात लिहिणाऱ्यानं वाचणाऱ्याला किती शहाणं धरलं होतं ते कळतं. मला वाटतं, जुनी जाहिरात पाहून जे गलबलतं त्यातला मोठा भाग हाच आहे. ती आपल्या बापाशी समजूतदार माणसाशी बोलावं तसं बोलत होती. 'हे असं चालतं, तुम्हाला जमेल' असं तिचं म्हणणं होतं.

एचपी म्हणजे नक्की काय?

जुन्या-नव्या सगळ्या जाहिरातींत सगळ्यात मोठा छापलेला आकडा एचपीचा, म्हणजे अश्वशक्तीचा. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट. हे माप वाफेच्या इंजिनवाल्या जेम्स वॉटनं इंजिनाची तुलना घोड्याशी करण्यासाठी रूढ केलं. आपल्या हिशेबात सांगायचं तर कामाला जुंपलेली एक बैलजोडी मोठ्या मानानं एक अश्वशक्ती देते.

मग ३५ एचपीचा ट्रॅक्टर म्हणजे पस्तीस जोड्या? जाहिरात पाहून तसंच वाटायचं. तो आकडा मात्र इंजिनाचा आहे. विहिरीवर मोटार जितकं पाणी उपसते तितकं शेवटच्या वाफ्यात पोचतं का? पाटात मुरतं, उंदराच्या बिळात जातं. ताकदीचंही तसंच. दहा-पंधरा टक्के गिअरमध्येच खर्च होते. उरलेली मागच्या फिरत्या दांड्यापर्यंत पोचते. त्या दांड्याला पीटीओ म्हणतात, मळणीयंत्र त्याच्यावर चालतं. नांगर ओढायला तर ताकद चाकांतून जमिनीत उतरावी लागते. आपली काळी जमीन ओली असली की चाक जागीच फिरतं, आणि मऊ रानात त्यात आणखी बरीच ताकद वाया जाते. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांधीत चिखलणी करताना लोखंडी पिंजऱ्याची चाकं लावतात ती एवढ्यासाठीच.

जुन्या जाहिरातीतला दुसरा लाडका शब्द हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारं. हा समजला की मॅसीची जुनी जाहिरात निम्मी समजली. सुरुवातीचे ट्रॅक्टर नांगराला साखळीनं किंवा आकड्यानं ओढत. नांगर दगडात किंवा मुळात अडकला की मागची चाकं जोर लावत राहत, पुढचं तोंड वर उचललं जाई आणि ट्रॅक्टर चालकावर उलटे. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसननं नांगर तीन ठिकाणी ट्रॅक्टरलाच जोडला आणि तेलाच्या दाबावर तो आपोआप वर-खाली होईल अशी रचना केली. कसलेला माणूस नांगर धरतो तेव्हा तो काय करतो ते आठवा. जमीन कठीण लागली की रुमण्यावरचा, म्हणजे नांगराच्या मुठीवरचा, हात हलका, मऊ लागली की दाब. फर्ग्युसननं रुमण्यावरचा तो हात यंत्रात बसवला. १९३९ मध्ये हेन्री फोर्डनं हीच रचना आपल्या ट्रॅक्टरला घेतली. आज शोरूममधल्या जवळपास प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागं तीच तीन टोकं दिसतात.

जाहिराती खोटंही बोलायच्याच की

हो. आणि ते मान्य केल्याशिवाय या विषयावर प्रामाणिकपणे बोलता येणार नाही.

अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वी हे इतकं वाढलं होतं की कायदा करावा लागला. नेब्रास्का राज्यात विल्मट क्रोझियर नावाचा शेतकरी जाहिराती पाहून घेतलेल्या ट्रॅक्टरांनी पुरता पोळला होता. तो विधिमंडळात निवडून गेला आणि १९१९ मध्ये त्याच्या पुढाकारानं कायदा झाला. विद्यापीठात तपासून सांगितलेली ताकद खरी ठरल्याशिवाय राज्यात ट्रॅक्टर विकायचा नाही, आणि सुटे भाग राज्यातच मिळायला हवेत. १९२० पासून तिथं चाचण्या सुरू झाल्या. आपल्याकडे हे काम मध्य प्रदेशातल्या बुदनीची सरकारी संस्था करते. नागपूरहून इटारसीमार्गे भोपाळला जाताना नर्मदेचा पूल ओलांडला की बुदनी स्टेशन लागतं. तिथल्या चाचणी अहवालात इंजिन, पीटीओ आणि ओढ यांचे आकडे वेगवेगळे दिलेले असतात. ट्रॅक्टर घ्यायला निघालेल्यानं डीलरला तो अहवाल जरूर मागावा.

आकड्यांपेक्षा मोठी गोष्ट जाहिरातीत नसायची, ती म्हणजे कर्ज. १९६९ मध्ये बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, भूविकास बँका होत्याच, ट्रॅक्टरला कर्ज मिळू लागलं. पंजाबात कालव्याच्या पाण्यावर दोन पिकं निघत, ट्रॅक्टरला वर्षभर काम असे. आपल्याकडे पाऊस येईल तेवढाच, पऱ्हाटी म्हणजे कपाशी, आणि तूर. उन्हाळ्याची नांगरट झाली, पेरणीआधीची वखरणी झाली की यंत्र उभं. बैल रिकामा असला तरी कडबा खातो. ट्रॅक्टर रिकामा असला तर डिझेल पीत नाही, पण व्याज खातो. सातबाऱ्यावर बोजा चढलेला असतो आणि कापसाचे पैसे वर्षातून एकदाच हाती येतात. आमच्या गावात पहिला ट्रॅक्टर ज्यांनी घेतला त्यांनी तो गुलाल उधळत आणला होता. हप्ते थकले आणि चौथ्या वर्षी वसुलीवाले तो घेऊन गेले. त्या दिवशी आम्हा पोरांना शाळेत पाठवलं नाही, का ते कुणी सांगितलं नाही. आम्ही रस्त्याच्या कडेला उभं राहून पाहिलं. त्यांच्या ओसरीतलं कॅलेंडर मात्र पुढं कित्येक वर्षं तिथंच होतं.

चित्रात कोण दिसत नाही?

आमच्याकडच्या कॅलेंडरांवर बहुतेक वेळा गहू असे. माणूस फेटा बांधलेला, रुबाबदार मिशा. बाई असलीच तर बांधावर, डोक्यावर भाकरीचं टोपलं. आमच्या धुऱ्यावर ना तो गहू होता ना तो फेटा. डोक्याला गुंडाळलेला दुपट्टा आणि पायात टायरच्या चपला होत्या.

बाईचं काम तर त्या चित्रांनी पुरतं पुसून टाकलं. विदर्भाच्या शेतीत सरकी टोबायला बाया, निंदायला बाया, कापूस वेचायला बाया. दिवाळीपासून पुढं महिनोन् महिने ओटीत कापूस भरून बोटांची सालं निघालेल्या बाया. ट्रॅक्टरनं सगळ्यात आधी हलकं केलं ते पुरुषाचं काम, नांगरट. निंदण आणि वेचणी तिथंच राहिली. माझी आजी त्या चित्राकडे कधी विशेष पाहत नसे. तिच्या कामातलं त्यात काही नव्हतंच. त्यामुळे हे स्मरणरंजन बरंचसं पुरुषांचं आहे, हे पानठेल्यावर उभं राहून मलाही पहिल्यांदाच जाणवलं. तिथं एकही बाई नव्हती.

खरी आठवण तर बैलांची. मग ट्रॅक्टरचं कौतुक कशाला?

हा प्रश्न पोळ्याच्या देशात येणारच. आपल्याकडे बैलाच्या खांद्याला हळद-तूप लावतात, झडत्या म्हणजे पोळ्याची गाणी म्हणतात, दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी नंदी घेऊन तान्हा पोळा करतात. ज्या यंत्रानं त्या बैलाला कोठ्यातून, म्हणजे गोठ्यातून, बाहेर काढलं, त्याच्या जाहिरातीवर जीव लावणं म्हणजे बैलाशी बेइमानी नाही का?

मला तसं वाटत नाही, कारण त्या वर्षांत दोघंही होते. ट्रॅक्टर आला तो आधी मोठ्या नांगरटीला. हरळी आणि कुंदा या तणांची मुळं काळ्या जमिनीत खोल जातात. ती उपटायला मोठ्या लोखंडी नांगराला चार-चार, सहा-सहा जोड्या जुंपाव्या लागत. बैल तोंडाला फेस येईपर्यंत ओढत. ते काम ट्रॅक्टरनं घेतलं तेव्हा ज्यांनी बैलांचे सोललेले खांदे पाहिले होते त्यांना सुटल्यासारखं वाटलं. वखर, तिफण आणि उभ्या पिकातलं तण काढणारा डवरा बैलांकडेच राहिले. पऱ्हाटीच्या दोन ओळींमधून डवरा चालवावा तो बैलानंच, असं म्हणणारे आजही आहेत. एका बाजूला भिंतीवर रंगवलेला ट्रॅक्टर आणि त्याच भिंतीच्या सावलीत रवंथ करणारी जोडी, हे चित्र माझ्या पिढीनं रोज पाहिलं. जुन्या जाहिरातीत आपल्याला जे दिसतं ते हे दोघं सोबत असण्याचे दिवस. बैल कमी होत गेले ते पुढच्या वर्षांत, हळूहळू, कडबा महागला, चराई गेली, सालदार मिळेना तसतसे. आता काही गावांत पोळ्याच्या दिवशी बैलांमागं ट्रॅक्टरही सजवून उभे करतात.

जुने ट्रॅक्टर खरंच चांगले होते का?

थोडक्यात सांगतो. गावातल्या फिटरला पान्यानं उघडता येत होते, हा त्यांचा मोठा गुण. दणकट होते. पण डिझेल जास्त खात, ब्रेक जड, स्टिअरिंग जड, आणि दिवसभर बसलेल्या माणसाची कंबर रात्री सरळ होत नसे. आठवण गोड आहे म्हणून यंत्र चांगलं होतं, असं होत नाही.

घरात अशी जाहिरात सापडली तर

पोळ्याआधी घर आवरताना पेटीच्या तळाशी, कोठीच्या दाराला आतून चिकटवलेलं असं काही सापडतं. फाडून ओढू नका. लॅमिनेशन करू नका, एकदा प्लॅस्टिक चिकटलं की ते कागदाला इजा न करता परत निघत नाही. सेलोटेपही नको, तिचा गोंद पिवळा पडून कागदात उतरतो. स्वस्त कागदात लाकडाचा जो अंश असतो त्याच्यामुळे तो उजेडात पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो, म्हणून अंधार आणि कोरडी जागा हेच औषध. सपाट ठेवा, घडी नको. कसर लागली आहे का ते पावसाळ्यानंतर एकदा पाहा.

फोटो काढाल तर दिवसा, सावलीत, फोन कागदाला समांतर धरून. आणि तो पूर्ण काढा. चित्राखालच्या तारखांसकट, मागच्या बाजूसकट. भिंतीवर रंगवलेली जाहिरात असेल तर आजूबाजूचं घर, झाड, रस्ता येऊ द्या, पेंटरनं कोपऱ्यात नाव टाकलं असेल तर ते जवळून घ्या. फोनवर फिरणाऱ्या फोटोंत नेमकं हेच कापलेलं असतं.

पानठेल्यावरून त्या रात्री घरी आलो आणि आबाजींची पेटी उघडली. १९८६ चं कॅलेंडर त्यात होतं. सहा पानं, प्रत्येक पानावर वर चित्र, खाली दोन महिने, तारखांचे मोठे चौकोन. मार्च-एप्रिलच्या पानावर लाल ट्रॅक्टर, तसाच गहू, तसाच फेटा. चौकोनांत आबाजींच्या पेन्सिलीची बारीक अक्षरं. कुठं दुधाचा हिशेब, कुठं 'तेल संपले', कुठं 'नानाचे पत्र'. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातल्या एका चौकोनात दोनच शब्द होते, 'जोडी दिली'. किती पैशाला दिली ते लिहिलेलं नव्हतं, आबाजी एरवी रुपया-आठ आण्यांचीही नोंद ठेवत. मी आईला ते वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बैल गेले त कोठा सुना झाला होता. बुढा दोन दिवस जेवला नाही."

त्यानंतर सलग चार चौकोन कोरे होते. पाचव्यात लिहिलं होतं: 'ट्रॅक्टर आला. ३ तास.'